बारा जणी आणि चार जागा : विद्यापीठ महिला बास्केटबॉलची ओळख

पावसाळा ओसरला आणि महाविद्यालयांची पहिली सत्र परीक्षा जवळ आली, की विद्यापीठाच्या क्रीडा विभागातून एक यादी जाहीर होते. तिच्यात बारा नावे असतात. ही बारा नावे म्हणजे त्या वर्षीचा विद्यापीठाचा महिला बास्केटबॉल संघ. वृत्तपत्रातील क्रीडा पानाच्या कोपऱ्यात, 'निवड' या शीर्षकाखाली, ती चार-पाच ओळींत छापून येते आणि बहुतेक वाचकांची नजर तिच्यावरून पुढे सरकते. यादीत नाव असलेल्या मुलीसाठी मात्र या चार ओळींची किंमत पुढची अनेक वर्षे टिकणारी असते.

महाविद्यालयीन बास्केटबॉल म्हटले, की आपल्याला अमेरिकेतील झगमगती मैदाने आठवतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांतील मुलींसाठी तो रस्ता महाविद्यालयाच्या सिमेंटच्या मैदानापासून सुरू होतो. पुढे तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत आणि तेथून अखिल भारतीय स्पर्धेपर्यंत जातो. या रस्त्यावर दोन अवघड वळणे आहेत. पहिले, संघातील बारा जणींत येण्याचे. दुसरे, विभागातील पहिल्या चार संघांत येण्याचे. ही दोन वळणे समजली, की या स्पर्धेचे सारे गणित समजते.

स्पर्धेची उतरंड

भारतातील विद्यापीठांच्या क्रीडा स्पर्धांचे नियंत्रण भारतीय विद्यापीठ संघाकडे आहे. १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेला १९७३ मध्ये आजचे नाव मिळाले. सोयीसाठी देशाचे पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण असे चार विभाग करण्यात आले आहेत. पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोवा येथील विद्यापीठांचा समावेश होतो.

खेळाडूला एकेक पायरी चढावी लागते. प्रथम आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. त्यातून विद्यापीठाच्या संघाची निवड. नंतर विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. आणि प्रत्येक विभागातील पहिल्या चार संघांची, म्हणजे एकूण सोळा संघांची, अखिल भारतीय आंतरविभागीय स्पर्धा. २०२० मध्ये भुवनेश्वर येथे 'खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा' सुरू झाल्यापासून या उतरंडीला आणखी एक पायरी जोडली गेली आहे. अखिल भारतीय स्पर्धेत वरचे स्थान मिळवणाऱ्या विद्यापीठांना तेथे प्रवेश मिळतो. याखेरीज महाराष्ट्रातील विद्यापीठांचा राज्यस्तरीय क्रीडा महोत्सव असतो. 'अश्वमेध' या नावाने तो ओळखला गेला. त्यातही महिला बास्केटबॉलचा समावेश असतो. परंतु विभागीय स्पर्धेकडे नेणारी वाट त्यातून जात नाही.

एका विद्यापीठाची अनेक विद्यापीठे

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. त्यापूर्वी मराठवाड्यातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होती. नवे विद्यापीठ आले तेव्हा तत्कालीन मराठवाड्याचे पाचही जिल्हे त्याच्या कक्षेत होते. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले आणि नांदेड, परभणी, लातूर तसेच पुढे हिंगोली हे जिल्हे त्याच्याकडे गेले.

शैक्षणिक सोयीसाठी झालेल्या या विभाजनाचा खेळावरही परिणाम झाला. पूर्वी लातूरची आणि औरंगाबादची मुलगी एकाच विद्यापीठाच्या संघासाठी झगडत असे; १९९४ नंतर त्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी झाल्या. एका संघाचे दोन संघ झाल्याने बाराऐवजी चोवीस जणींना संधी मिळाली, हा लाभ. निवडीसाठी उपलब्ध असलेल्या खेळाडूंची संख्या मात्र प्रत्येक विद्यापीठाकडे घटली, हा तोटा. २०१९ मध्ये याच शहरात एमजीएम हे खासगी विद्यापीठ स्थापन झाले. अशा प्रत्येक नव्या विद्यापीठाला नियमाने आपला स्वतंत्र संघ विभागीय स्पर्धेत उतरवता येतो. त्यामुळे एकाच शहराच्या मैदानांवर वाढलेल्या मुली विभागीय स्पर्धेत समोरासमोर येऊ शकतात.

पहिले वळण : बारा जणींत येणे

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठातील खेळांची जबाबदारी क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाकडे आहे. हंगामाच्या आरंभी वेळापत्रक ठरते आणि एखाद्या महाविद्यालयाकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे यजमानपद सोपविले जाते. महाविद्यालये आपापले संघ पाठवतात. स्पर्धेदरम्यान निवड समिती खेळाडूंवर लक्ष ठेवते, त्यानंतर निवड चाचणी होते आणि निवडलेल्या मुलींचे सराव शिबिर भरते. शिबिराच्या अखेरीस अंतिम बारा जणी, प्रशिक्षक आणि संघ व्यवस्थापक यांची घोषणा होते.

कागदावर ही पद्धत निर्दोष आहे. अडचण आहे ती संख्येची. बास्केटबॉलचा संघ उभा करण्यास मैदानावर पाच आणि बदली खेळाडू म्हणून निदान तीन-चार मुली लागतात. ज्या महाविद्यालयात बास्केटबॉलचे मैदान नाही, तेथे इतक्या मुली एकत्र येणे कठीण. मग एखादी चांगली खेळणारी मुलगी एकटीच उरते. शहरात गारखेडा परिसरात विभागीय क्रीडा संकुल आहे, भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, मोठ्या महाविद्यालयांची मैदाने आहेत. धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थिनीला मात्र निवड चाचणीसाठी विद्यापीठाच्या मुख्य परिसरात यायचे तर सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. सोबत कोण येणार, मुक्काम कोठे करायचा, सत्र परीक्षेचा पेपर त्याच दिवशी आला तर काय, हे प्रश्न खेळाच्या आधी सोडवावे लागतात. अनेक घरांत निवडीचा निर्णय मैदानावर होण्यापूर्वी स्वयंपाकघरातच झालेला असतो.

म्हणूनच महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकाची भूमिका येथे निर्णायक ठरते. मुलीच्या घरी जाऊन पालकांशी बोलणे, परीक्षेबाबत प्राचार्यांना पत्र देणे, प्रवासभत्त्याचा कागद वेळेत पुढे सरकवणे ही कामे कोणत्याही गुणफलकावर दिसत नाहीत. ज्या महाविद्यालयात हे पद रिकामे असते, तेथील संघ सहसा स्पर्धेच्या यादीतही नसतो.

दुसरे वळण : विभागातील चार जागा

विभागीय स्पर्धा साधारणतः बाद-नि-साखळी पद्धतीने खेळवली जाते. सर्व संघ चार गटांत विभागले जातात आणि प्रत्येक गटात बाद पद्धतीने सामने होतात. हरला तो संघ घरी. चारही गटांचे विजेते शेवटी साखळीत एकमेकांशी खेळतात आणि त्यातून पहिला ते चौथा क्रमांक ठरतो. हेच चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला पात्र ठरतात.

याचे गणित एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, विभागातील ६० विद्यापीठांनी संघ पाठवले. बाद सामन्यात दर वेळी एक संघ बाहेर जातो. म्हणजे चार संघ उरण्यासाठी ५६ सामने होतील आणि ५६ संघ परततील. साखळीत पोहोचणाऱ्या संघाला, पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली नाही तर, सलग चार सामने जिंकावे लागतील. पहिल्याच फेरीत हरणाऱ्या संघाचा त्या वर्षीचा विद्यापीठ हंगाम अवघ्या ४० मिनिटांत संपतो.

मानांकनाचाही विचार करावा लागतो. गतवर्षीच्या पहिल्या चार संघांना वेगवेगळ्या गटांत ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे नव्या संघाला वर यायचे तर गतवर्षीच्या चारांपैकी एकाला हरवावे लागते, किंवा दुसऱ्या कोणी तरी ते काम त्याच्यासाठी करावे लागते. जे वर आहेत त्यांना वर राहणे थोडे सोपे, आणि जे खाली आहेत त्यांना वर चढणे बरेच अवघड, अशी ही रचना आहे.

साखळीतील गुणांची पद्धतही वाचकांनी समजून घेण्यासारखी आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाप्रमाणे विजयाला २ गुण, पराभवाला १ गुण आणि सामना सोडून दिल्यास शून्य गुण मिळतात. चार संघांच्या साखळीत कधी असे होते, की एक संघ तिन्ही सामने हरतो आणि उरलेले तिघे एकमेकांविरुद्ध एकेक सामना जिंकतात. तिघांचेही प्रत्येकी ५ गुण होतात. अशा वेळी केवळ त्या तिघांमधील सामन्यांच्या गुणफरकावरून क्रम ठरविण्यास सुरुवात होते. चौथ्या संघाला पन्नास गुणांनी हरवले असले, तरी तो फरक येथे उपयोगी पडत नाही. म्हणून पराभव दिसत असतानाही अखेरच्या मिनिटात दोन गुणांसाठी जिवाच्या आकांताने धावणारा संघ वेडा नसतो. तो पुढचा हिशेब करीत असतो.

नियमांची तोंडओळख

सामना प्रत्येकी १० मिनिटांच्या चार सत्रांचा असतो. बरोबरी झाल्यास ५ मिनिटांचे जादा सत्र खेळवतात. मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. बास्केटची कडी जमिनीपासून ३.०५ मीटर उंच. ही मापे पुरुष व महिला दोघांसाठी सारखीच आहेत. फरक आहे तो चेंडूत. महिलांचा चेंडू ६ क्रमांकाचा, पुरुषांच्या ७ क्रमांकाच्या चेंडूपेक्षा आकाराने लहान आणि वजनाने हलका असतो. तीन गुणांची रेषा पूर्वी बास्केटपासून ६.२५ मीटरवर होती. २०१० पासून ती ६.७५ मीटरवर गेली.

चेंडू ताब्यात आल्यावर २४ सेकंदांत बास्केटकडे फेक करावी लागते आणि ८ सेकंदांत चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात न्यावा लागतो. पाच वैयक्तिक फाउल झाले की खेळाडूला सामन्याबाहेर बसावे लागते. एका सत्रात संघाचे चार फाउल झाल्यानंतर पुढच्या प्रत्येक बचावात्मक फाउलसाठी प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो मिळतात. दडपणाखालील सामने बहुधा येथेच फिरतात. फ्री थ्रोला ना उंची लागते, ना वेग. तेथे लागतो तो रोजचा सराव. ज्या मैदानावर २४ सेकंदांचे घड्याळ कधी लावलेच गेले नाही, तेथे तयार झालेल्या संघाला विभागीय स्पर्धेत पहिल्यांदा ते आकडे उतरताना दिसले की हातातील चेंडू जड वाटू लागतो.

महाविद्यालयांतच वाढलेला खेळ

बास्केटबॉलचा जन्मच शिक्षणसंस्थेत झाला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने, हिवाळ्यात विद्यार्थ्यांना छताखाली खेळता यावे म्हणून, पीच फळांच्या टोपल्या भिंतीला लावून हा खेळ शोधला. काही महिन्यांतच जवळच्या स्मिथ महाविद्यालयातील शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींसाठी आणला. २२ मार्च १८९३ रोजी तेथे विद्यार्थिनींचा पहिला सामना झाला आणि त्याला पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता. ४ एप्रिल १८९६ रोजी स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या मुलींमध्ये सामना झाला; स्टॅनफर्डने तो २-१ असा जिंकला. महिलांच्या आंतरविद्यापीठ बास्केटबॉलचा आरंभ या सामन्यापासून मानला जातो.

भारतातही हा खेळ वायएमसीएच्या मार्गाने आला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे सुरू केलेल्या शारीरिक शिक्षण विद्यालयातून तयार झालेले शिक्षक देशभर गेले आणि शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर बास्केटचे खांब उभे राहिले. भारतीय बास्केटबॉल महासंघाची स्थापना १९५० मधील. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे बास्केटबॉल १९३६ मध्ये आले, तर महिलांना त्यासाठी १९७६ च्या माँट्रियल स्पर्धेपर्यंत थांबावे लागले.

अमेरिकेत १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घातली आणि महिलांच्या महाविद्यालयीन खेळाला पैसा व मैदाने मिळू लागली. १९८२ मध्ये तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेने महिलांची बास्केटबॉल स्पर्धा सुरू केली, तेव्हा तिच्यात ३२ संघ होते. २०२२ पासून ६८ आहेत. २०२४ चा महिलांचा अंतिम सामना तेथे सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख प्रेक्षकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा ही संख्या अधिक होती.

तेथील रचनेत विद्यापीठांचे 'कॉन्फरन्स' नावाचे समूह असतात. आपल्या विभागाशी त्यांची तुलना करता येईल. पण एक मूलभूत भेद आहे. तेथे एका समूहातील संघ हिवाळाभर एकमेकांशी सामने खेळतात आणि त्यानंतर समूहाची अजिंक्यपद स्पर्धा होते. तिचा विजेता थेट राष्ट्रीय स्पर्धेत जातो. मात्र हरलेल्या संघालाही हंगामातील कामगिरीच्या बळावर निवड समितीकडून स्थान मिळू शकते. आपल्याकडे असा हंगामच नाही. तेथे अजिंक्यपद स्पर्धा हा हंगामाचा शेवट असतो. आपल्याकडे ती स्पर्धा हाच संपूर्ण हंगाम असतो. एखाद्या दुपारी मुख्य खेळाडूचा पाय मुरगळला, तर वर्षभराची मेहनत परत मोजायला दुसरी जागा उरत नाही.

बारा नावांचे मोल

केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने ४ ऑगस्ट १९८० रोजी काढलेल्या आदेशाने गुणवंत खेळाडूंच्या थेट नेमणुकीची योजना आखली. २०१३ मध्ये या सूचना एकत्रित करून पुन्हा प्रसृत झाल्या. आंतरविद्यापीठ स्पर्धेत आपल्या विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेला खेळाडू 'गट क' मधील पदांसाठी या योजनेत पात्र मानला जातो आणि मान्य खेळांच्या यादीत बास्केटबॉल आहे. प्राधान्यक्रमात आंतरराष्ट्रीय आणि राष्ट्रीय स्पर्धांनंतर आंतरविद्यापीठ स्पर्धेतील पहिल्या तीन स्थानांचा क्रम लागतो. यासाठी विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखाने ठरावीक नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतही खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण असून, कोणत्या गटातील पदासाठी कोणती स्पर्धा आणि कोणते स्थान ग्राह्य, हे १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयात ठरवून दिले आहे.

म्हणजे यादीतील बारावे नाव आणि यादीबाहेरचे तेरावे नाव यांच्यात केवळ एका ब्लेझरचे अंतर नसते. बाराव्या मुलीला पात्रतेचा कागद मिळतो. तेराव्या मुलीला मिळत नाही. निवड प्रक्रिया पारदर्शक असावी, चाचणीचे गुण जाहीर व्हावेत, असा आग्रह खेळाडू आणि पालक धरतात त्यामागे हे कारण आहे.

या वाटेने पुढे गेलेल्यांची उदाहरणे प्रेरक आहेत. केरळमधील चंगनाशेरीच्या असम्प्शन महाविद्यालयात शिकलेल्या गीतू ॲना जोस हिने पुढे दक्षिण रेल्वेची नोकरी सांभाळत भारतीय संघाचे नेतृत्व केले, ऑस्ट्रेलियात व्यावसायिक बास्केटबॉल खेळले आणि २०११ मध्ये अमेरिकेतील महिला व्यावसायिक लीगच्या संघांसमोर चाचणी दिली. २०१४ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. महाराष्ट्रातून पुण्याच्या शिरीन लिमये हिने भारताचे कर्णधारपद भूषवले. जुलै २०१७ मध्ये बंगळूर येथे आशिया चषकाच्या 'ब' श्रेणीतील अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले, त्या संघात ती होती. राष्ट्रीय वरिष्ठ गटात रेल्वेच्या महिला संघाने अनेक वर्षे वर्चस्व राखले, त्याचे कारणही येथेच सापडते. नोकरी मिळाली तर मुलगी पदवीनंतरही खेळत राहते; न मिळाल्यास पदवीच्या शेवटच्या पेपरबरोबर तिचा खेळही संपतो.

काय करता येईल

या खेळासाठी मोठ्या स्टेडियमची प्रतीक्षा करण्याची गरज नाही. कमतरता आहे ती सामन्यांची. वर्षातून तीन-चार सामने खेळलेल्या संघाने, डझनभर सामने खेळून आलेल्या संघाला बाद फेरीत हरवावे, ही अपेक्षा न्याय्य नाही. शहरातील पाच-सहा महाविद्यालयांनी जुलै ते सप्टेंबर या काळात शनिवारी दुपारी आपसांत साखळी सामने ठेवले, तर प्रत्येक मुलीला विद्यापीठ स्पर्धेपूर्वी पाचेक सामन्यांचा अनुभव मिळेल. सहा संघांच्या एकेरी साखळीत एकूण पंधराच सामने होतात. पावसाने एखादा शनिवार वाया गेला तरी ते बसवता येतात. जिल्ह्यांतील एकट्या पडलेल्या खेळाडूंना अशा साखळीत शहरातील संघांबरोबर खेळू दिले, तर निवड समितीला त्या चाचणीच्या एका सकाळऐवजी अनेक सामन्यांत पाहता येतील.

दुसरी गोष्ट दुखापतींची. उडी मारून उतरताना आणि वेगाने दिशा बदलताना गुडघ्याच्या अस्थिबंधाला होणारी इजा महिला खेळाडूंमध्ये पुरुषांपेक्षा अधिक आढळते, हे क्रीडावैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. सिमेंटच्या कठीण मैदानावर काळजी आणखी वाढते. उडीनंतर गुडघे वाकवून उतरण्याचे तंत्र आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांना साहित्य लागत नाही. रोजची पंधरा मिनिटे लागतात.

विद्यापीठ स्पर्धेत खेळण्याची वर्षे मोजकीच असतात. पदवीची तीन-चार आणि पदव्युत्तर शिक्षण घेतले तर आणखी दोन. करोनाच्या साथीत मैदाने बंद पडली तेव्हा त्यांतलेच एखादे वर्ष अनेकींच्या हातून निसटले. म्हणूनच पुढच्या वेळी क्रीडा पानाच्या कोपऱ्यात 'विद्यापीठाचा महिला बास्केटबॉल संघ जाहीर' अशी चार ओळींची बातमी दिसली, तर ती वाचावी. त्या बारा नावांपैकी एखादे आपल्या गल्लीतले, आपल्या ओळखीच्या घरातले असण्याची शक्यता आहे. आणि स्पर्धा शहरातच असेल, तर एका दुपारी मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहावे. त्यासाठी तिकीट लागत नाही.